गाडीला जादा दिवे लावताना



गणपती जवळ आले की लालबाग-परळच्या चाळींखाली उभ्या असलेल्या जीप, बोलेरो, सुमो गाड्यांची गावाकडे जायची तयारी सुरू होते. टायर तपासतात, ऑइल बदलतात आणि बरेचजण पुढे दोन जादा दिवे बसवून घेतात. आता कशेडीला बोगदा झाला असला, तरी महामार्ग सोडून वाडीकडे वळलो की पुढे तोच कच्चा रस्ता, तोच वहाळ आणि तोच मिट्ट काळोख. गाडीबरोबर आलेले दिवे तिथे कमी पडतात, हे खरेच आहे.

दिव्यांचे हे काम घरातली पुरुषमंडळी गॅरेजवाल्याशी बोलून परस्पर ठरवतात. पण त्या गाडीत आपण बसतो, आपली मुले बसतात, पुष्कळदा पैसेही आपणच देतो, आणि आपल्यातल्या कितीतरी जणी आता स्वतः गाडी चालवतात. दिवा कोणता चांगला हे दुकानदार हौसेने सांगतो. दिव्यामागची वायर कशी असावी हे मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. धोका असतो तो या वायरीत. म्हणून आज आम्ही वायरीबद्दल बोलणार आहोत.

आधी थोडा हिशेब करू. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची असते. साधा हॅलोजन बल्ब 55 वॉटचा, म्हणजे दोन दिव्यांचे झाले 110 वॉट. 110ला 12ने भागले की सुमारे 9 अँपियर विजेचा प्रवाह येतो. आपल्या घरात 230 व्होल्टवर एवढाच प्रवाह घ्यायला दोन हजार वॉटचा गिझर लागतो. गिझरला आपण कधी टेबललॅम्पची वायर लावत नाही. गाडीत मात्र तसली बारीक वायर सर्रास लावली जाते, कारण दिवा दिसायला लहान असतो.

बारीक वायरीने काय होते? चाळीतल्या नळाचे उदाहरण घ्या. खालून येणारा पाइप अरुंद असला, की वरच्या मजल्यावर पाण्याची धार करंगळीएवढी होते. विजेचेही तसेच आहे. अर्ध्या चौरस मिलिमीटरची चार मीटर वायर वापरली, तर या दोन दिव्यांसाठी सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेतच खर्च होतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले, की हॅलोजनचा उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. म्हणजे दिव्याचे पैसे पूर्ण दिले, उजेड मात्र दोन तृतीयांश मिळाला. वाटेत गेलेली वीज वायर तापवते, ते वेगळेच. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तर नुकसान पाव व्होल्टवर येते. एलईडी दिवे कमी वीज घेतात. 20 वॉटच्या दोन दिव्यांना साडेतीन अँपियरही लागत नाहीत. पण पुढे सांगितलेल्या गोष्टी त्यांनाही लागू आहेत.

दुसरी गोष्ट फ्यूज. फ्यूज दिवा वाचवायला असतो असे अनेकांना वाटते. तो असतो वायरीसाठी. वायर कुठे पत्र्यावर घासून सोलली आणि तांबे बॉडीला टेकले, तर बॅटरी त्या वायरीतून शेकडो अँपियर ढकलू शकते. वायर क्षणात लाल होते, आणि तिच्या शेजारी ऑइल असते, रबर असते, डिझेलचा पाइप असतो. म्हणून फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर हवा. तो दिव्याजवळ लावला, तर मधली सगळी वायर उघड्यावरच राहिली. आपल्या दोन हॅलोजनना 15 अँपियरचा फ्यूज पुरतो. पात्याचे फ्यूज रंगावरून ओळखता येतात. 15चा निळा, 30चा हिरवा. निळा उडाला म्हणून कोणी हिरवा बसवून दिला, तर रोग तसाच ठेवून घंटा बंद केल्यासारखे झाले. आधी तो का उडाला ते शोधायला हवे.

तिसरी गोष्ट रिले. तुमच्या बिल्डिंगचा पाण्याचा पंप आठवा. वॉचमन लहानसे बटण दाबतो, पण पंपाची सगळी वीज त्या बटणातून जात नाही. बटण स्टार्टरला इशारा देते आणि पंप स्टार्टर चालू करतो. गाडीतला रिले हेच काम करतो. चालकासमोरच्या स्विचमधून जेमतेम पाव अँपियर जातो आणि दिव्यांचे 9 अँपियर रिलेतून जातात. रिले नसेल तर तो सगळा भार डॅशबोर्डमधल्या नाजूक स्विचवर पडतो आणि स्विच वितळतो.

रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात. 30वर बॅटरीकडून फ्यूजमार्गे आलेली जाड वायर, 87वरून दिव्यांकडे जाणारी जाड वायर, 86वर स्विचकडून येणारी बारीक वायर आणि 85 बॉडीला, म्हणजे अर्थला. स्विचला वीज अशा ठिकाणाहून घ्यावी, की चावी काढली की दिवे आपोआप विझावेत. नाहीतर दिवे रात्रभर जळतात आणि सकाळी गाडी ढकलावी लागते.

अर्थची वायर बॉडीला जोडताना तिथला रंग खरवडून पत्रा उजळ करावा, लग घट्ट बोल्टने आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. पावसात दिवे मिणमिणतात त्यामागे बहुधा गंजलेला अर्थ असतो. जोड नुसते पिळून काळी पट्टी गुंडाळलेले नसावेत, दाबून बसवलेले किंवा डाख दिलेले असावेत. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची. पॉझिटिव्ह आधी काढताना पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी पडते.

आता दिवे कुठे बसवायचे? प्लास्टिकच्या बंपरवर नको, ते थरथरतात. आतल्या लोखंडी भागाला मजबूत पट्टी लावून, स्प्रिंग वॉशर घालून बसवावेत. भोक पाडल्यास कडांना गंजरोधक प्रायमर लावावा. रेडिएटरची हवा अडता कामा नये. धुक्याचे दिवे खाली बसवतात त्याला कारण आहे. धुके म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. डोळ्यांच्या रेषेतला उजेड त्या थेंबांवरून उलटून आपल्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. खालून, पसरट पडलेला उजेड रस्ता आणि कडा दाखवतो.

दिव्याची मान ठरवायलाही सोपी रीत आहे. सपाट जागी भिंतीपासून 25 फुटांवर गाडी उभी करा. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा चारेक इंच खाली पडली पाहिजे. हे माणसे आणि सामान गाडीत असताना बघा. मागे बोचकी भरली की गाडीचे नाक वर होते आणि दिवे समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातात. अरुंद रस्त्यावर समोरच्या एसटीचा चालक दिपला, तर अपघात त्याचा आणि आपला दोघांचा होतो.

म्हणूनच कायदाही आहे. 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 111प्रमाणे गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, आणि तीही अपवादात्मक परिस्थितीत मिळते. पुढे लोखंडी बुलबार लावून त्यावर दिवे टांगायची पद्धत होती. 2017च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवले, की असे बुलबार बेकायदेशीर आहेत. शंका असल्यास ताडदेवच्या आरटीओत आधी विचारावे. गाडी नवी असेल तर मूळ वायरिंग कापू देऊ नये, वॉरंटीचा प्रश्न येतो.

ऑपेरा हाऊस, लॅमिंग्टन रोडच्या बाजूला खरेदीला गेलात, तर दिव्यांबरोबर रिले, फ्यूज होल्डर आणि अडीचची वायर मागून घ्या. गाडी गॅरेजमधून परत घेताना चार प्रश्न विचारा. फ्यूज कुठे आहे? किती अँपियरचा? रिले दाखवा. अर्थ कुठे जोडला? मग इंजिन चालू ठेवून दिवे अर्धा तास लावा आणि वायर, फ्यूज होल्डर व रिलेचा सॉकेट यांना इंजिनच्या गरम भागापासून जपून हात लावून पाहा. कोमट चालेल. हात मागे घ्यावा लागला, तर गाडी तिथेच ठेवा आणि काम पुन्हा करून घ्या.

हे प्रश्न विचारायला मेकॅनिक असावे लागत नाही. मिक्सरची वायर तापली की आपण लगेच प्लग काढतो. तीच नजर गाडीकडेही असू द्या. प्रवास सुखाचा होवो.