पाहिले तेवढेच लिहावे : पूर्णा अभयारण्यातील एक दुपार

कोजागिरी झाली की आपल्याकडे पावसाची ये-जा थांबते, आकाश मोकळे होते आणि जंगल अजून हिरवेच असते. असा मुहूर्त साधून सहावी ते आठवीचे विद्यार्थी, शिक्षक आणि काही पालक असे आम्ही सर्वजण एका रविवारी डांग जिल्ह्यातील पूर्णा अभयारण्यात महाल येथे जाऊन आलो. चलथाणहून बारडोली, व्यारा ओलांडले की उसाचे मळे मागे पडतात आणि हळूहळू साग व बांबूचे रान सुरू होते. सुमारे १६० चौरस किलोमीटरच्या या जंगलाला १९९० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला.

दुपारी जेवणे आटोपून पायवाटेला लागलो तेव्हा रान अगदी गप्प होते. "बाई, इथे तर काहीच नाही!" असे एक-दोघांनी बोलूनही दाखविले. परंतु दहा मिनिटे न बोलता बसल्यावर एकेक गोष्ट दिसू लागली. दोन झाडांमध्ये हातभर जाळे विणून मधोमध बसलेली मोठी कोळीण, ओल्या मातीवर उतरलेली फुलपाखरे, उंचावर घिरट्या घालीत शीळ घालणारा सर्पगरुड. चारनंतर उन्हे कलली आणि पक्ष्यांची वर्दळ वाढली. शेपटीला दोन लांब तारा लावल्यासारखा भृंगराज दिसला, तेव्हा दुर्बिणीसाठी ओढाताणच झाली.

पाच वाजायला वीस मिनिटे असताना सागाच्या एका वाळक्या फांदीवर मुठीएवढे काहीतरी बसलेले दिसले. गोल डोके, आखूड शेपटी. सातवीतील एक विद्यार्थिनी दबक्या आवाजात ओरडली, "वनपिंगळा!" सगळ्यांच्या माना वर झाल्या. आठ-दहा सेकंदांत पक्षी उडून गेला.

परतताना बसमध्ये दुसरा विषयच नव्हता. तो खरोखर वनपिंगळा होता का? आणि असला तर एवढे विशेष काय?

११३ वर्षे हरवलेला पक्षी

वनपिंगळा हा फक्त भारतातच आढळणारा छोटा घुबड आहे. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. होय, इतिहासाच्या पुस्तकात काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात भेटतात तेच हे ह्यूम. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात या पक्ष्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र तो कुणालाच खात्रीने दिसला नाही. पक्षी नष्ट झाला असावा, असे बहुतेकांना वाटू लागले.

नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे अमेरिकन अभ्यासक त्याच्या शोधात भारतात आले आणि तो त्यांना सापडला शहाद्याजवळ! चलथाण स्टेशनवरून जी ताप्ती लाईन जाते, तिच्यावरच्या नंदुरबारपासून शहादे जवळच. आपल्यातील कितीतरी कुटुंबांचे मूळ गाव त्याच मुलखात आहे. पुढे मेळघाट, तानसा अशा ठिकाणीही तो आढळला. २०१४ मध्ये पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. म्हणूनच मुले महालला इतक्या आशेने गेली होती.

मांडवीची खोटी नोंद

या गोष्टीचा एक भाग आपल्या सुरत जिल्ह्यात घडला, किंवा खरे म्हणजे घडलाच नाही. रिचर्ड माईनर्त्सहागेन नावाच्या एका प्रसिद्ध ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवी येथे आपण हा पक्षी मिळविल्याचे सांगितले होते. त्याच्याकडे पेंढा भरलेला पक्षी होता, चिठ्ठीवर गाव आणि तारीख होती. मोठ्या माणसावर संशय कोण घेणार? अनेक वर्षे पुस्तकांतून मांडवीचे नाव छापले गेले.

रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला. प्रत्येक संग्राहकाची कातडे शिवण्याची आणि भरण्याची एक पद्धत असते. हा नमुना डेव्हिडसनच्या हातचा निघाला. लंडनच्या संग्रहालयातून तो चोरून, थोडा बदलून, त्याला नवी चिठ्ठी लावली होती. १९९९ मध्ये त्यांनी हे सर्व पुराव्यांसह प्रसिद्ध केले. एक खोटी चिठ्ठी कितीतरी वर्षे टिकली! ती बाजूला सारून खऱ्या जुन्या ठिकाणांकडे लक्ष दिल्यावरच शहादे सापडले.

ओळखावे कसे?

आपल्या गावातील साधा पिंगळा आणि वनपिंगळा आकाराने जवळपास सारखेच. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. वनपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, छातीवर तपकिरी रुंद पट्टा, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, पंख व शेपटीवर ठळक पट्टे, आणि पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. तो दिवसाही शिकार करतो. सरडे, उंदीर, कीटक हे त्याचे खाद्य. परंतु दिवसा दिसला म्हणजे वनपिंगळाच असे नाही. साधा पिंगळाही दिवसा दिसतो. शिवाय अंगभर बारीक पट्टे असलेला तिसरा एक छोटा घुबडही याच रानात असतो.

आता आमची कबुली. विश्वस्त मंडळाने बसचा खर्च दिला होता. "शाळेच्या सहलीत दुर्मीळ वनपिंगळा दिसला" हा मथळा या अंकात किती शोभला असता! मोह आम्हा शिक्षकांनाही झाला. निरीक्षण वही बसमध्ये फिरत होती आणि दोन-तीन मुलांनी पक्ष्याचे नाव लिहूनही टाकले होते. वही त्या विद्यार्थिनीकडे आली तेव्हा ती बराच वेळ तशीच बसली. मग म्हणाली, "बाई, ऊन त्याच्या मागून येत होतं. डोक्यावर ठिपके होते की नव्हते, मला दिसलेच नाहीत."

तिने लिहिलेली नोंद अशी : "पिंगळा, एक. सागाची वाळकी फांदी. वेळ ४.४०. डोके नीट दिसले नाही. जात ठरली नाही." ते वाचून बाकीच्यांनी आपापल्या ओळी खोडल्या. वही वाचनालयात ठेवली आहे, कुणीही पाहावी.

पालकांना विनंती

पिंगळा घराजवळ ओरडला तर अशुभ, ही समजूत मुलांच्या मनात घालू नका. तो उंदीर खातो, म्हणजे उसाच्या मळ्याचा राखणदारच. जुन्या झाडांच्या ढोलीत तो घर करतो, तेव्हा अशी झाडे शक्यतो राखावीत. मुलांना एक साधी वही द्या. तारीख, वेळ, जागा आणि डोळ्यांनी जे दिसले ते, एवढेच त्यात लिहायला सांगा. नाव ठरले नाही तर ती जागा कोरी राहू द्या.

महालला पुन्हा जायचे आहेच. या वेळी ऊन आपल्या पाठीशी राहील अशा बाजूला उभे राहायचे, असे मुलांनी आत्ताच ठरविले आहे.