सेवकापुढे गुडघे टेकणारा स्वामी

फाल्गुन सरत आला म्हणजे नाशिक परिसरात द्राक्षांच्या गाड्या रात्रंदिवस धावू लागतात. नाथषष्ठीचा काला वाटून झालेला असतो, गुढीपाडव्याचे वेध लागलेले असतात आणि पंचवटीत रामरथाच्या गोष्टी निघू लागतात. बहुधा याच दिवसांच्या आगेमागे आपल्या ख्रिस्ती बांधवांचा पवित्र सप्ताह येतो. त्यातील गुड फ्रायडे सुट्टीमुळे घरोघरी ठाऊक आहे. ईस्टरच्या रंगीत अंड्यांची चित्रे मुलांनी पाहिलेली असतात. परंतु गुड फ्रायडेच्या आदल्या सायंकाळी, म्हणजे पवित्र गुरुवारी, चर्चमध्ये काय घडते हे त्यांच्या शेजारी वर्षानुवर्षे राहणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. प्रस्तुत लेखकानेही ते पन्नाशी उलटेपर्यंत पाहिले नव्हते.

आम्ही राहतो अंबडला. एके काळचे हे शेतकऱ्यांचे गाव आता औद्योगिक वसाहतीच्या नावाने ओळखले जाते. एका अंगाला पांडवलेण्यांचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला कारखान्यांच्या भोंग्यांवर चालणारे आयुष्य. खानदेश, मराठवाडा, उत्तर प्रदेश, बिहार असा चहूकडून आलेला कामगार येथे एकाच चाळीत नांदतो. आमचे एक शेजारी टर्नर आहेत, धर्माने ख्रिस्ती. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे जातो, नाताळच्या करंज्या आमच्याकडे येतात. गतवर्षी ते म्हणाले, "काका, नाताळात तर सगळेच येतात. एकदा गुरुवारी या." त्यांच्याबरोबर शहरातील एका चर्चमध्ये गेलो.

वेदीसमोर बारा माणसे बाकावर बसविलेली होती. त्यांत एक परिचारिका होती, एक शाळकरी मुलगी, कारखान्याच्या फाटकावरील एक रखवालदार, आणि चर्चचे अंगण झाडणाऱ्या एक वृद्ध बाई. घंगाळ, तांब्या व पंचा घेऊन धर्मगुरू आले. त्यांनी अंगावरील भरजरी वस्त्र उतरवून ठेवले, कमरेला पंचा गुंडाळला आणि एकेकासमोर गुडघे टेकून ते पाय धुऊ लागले. झाडणाऱ्या बाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी पाय झटकन बाकाखाली ओढून घेतले. धर्मगुरू काही बोलले नाहीत. तांब्या हातात धरून तसेच वाट पाहत राहिले. चर्चमध्ये इतकी शांतता होती की पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. अखेर एक पाऊल हळूच पुढे आले. टाचेला भेगा पडलेल्या होत्या.

या बाईंचा संकोच दोन हजार वर्षांपूर्वीचाच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात ही कथा येते. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांसह भोजनास बसले. त्या काळी धुळीच्या वाटा तुडवून आलेल्या पाहुण्यांचे पाय धुणे हे घरातील हलक्यात हलक्या दासाचे काम. गुरूच उठून ते करू लागले तेव्हा पेत्र नावाच्या शिष्याला ते सहन झाले नाही. आपले पाय गुरूंनी धुवावेत हे कदापि होणे नाही, असे तो म्हणाला. गुरूंनी त्याला बजावले की धुऊ दिले नाहीस तर तुझा माझा संबंध उरणार नाही. सेवा करण्यापेक्षा सेवा घेणे कित्येकदा जड जाते, हे ज्यांनी आपल्या आजारपणात अनुभवले असेल त्यांना पेत्राचे मन कळेल.

आपल्या घरांत ही कथा परकी वाटू नये. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने पाहुण्यांचे पाय धुण्याचे काम मागून घेतले, हे कीर्तनांतून आपण ऐकत आलो. पैठणला नाथांच्या वाड्यात देव श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी वाहत राहिला आणि नामदेवांची दासी जनी हिच्या जात्याला विठ्ठलाने हात लावला. मात्र साम्य दाखविण्याच्या भरात भेद झाकू नये. श्रीखंड्या कोण हे नाथांना तो निघून गेल्यावर उमगले. येशू हे आपले स्वामी आहेत हे पेत्राला त्या क्षणी पक्के ठाऊक होते, आणि म्हणूनच त्याला लाज वाटली. रोमन कॅथलिक परंपरेत हा विधी दीर्घकाळ पुरुषांपुरता होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली रोममधील बालगुन्हेगारांच्या कारागृहात जाऊन तेथील मुलामुलींचे पाय धुतले, त्यांत मुसलमान मुलगीही होती. पुढे २०१६ मध्ये नियमच बदलून स्त्रियांना या बारांत स्थान मिळाले. आमच्या झाडणाऱ्या बाई त्या बाकावर बसल्या त्या या नियमामुळे.

पाय धुऊन झाले आणि प्रभुभोजनास प्रारंभ झाला. त्याच शेवटच्या रात्री येशूंनी भाकर मोडून शिष्यांना दिली, द्राक्षारसाचा प्याला फिरविला, आणि हे आपले शरीर व आपले रक्त समजून माझ्या स्मरणार्थ करीत जा, असे सांगितले. मराठी बायबलकारांनी येथे योजलेला 'भाकर' हा शब्द मला फार आवडतो. प्रत्यक्षात चर्चमध्ये पातळ पापुद्र्यासारखी चकती किंवा पावाचा तुकडा देतात. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चुलीवरची भाकरीच येते. वारकऱ्यांच्या काल्याची आठवण होणे साहजिक आहे. तेथेही एकमेकांच्या मुखी घास घालताना जात विचारावयाची नसते.

विचारावयाची नसते खरी, पण विचारली जाते, हे आपल्या पंक्तींनी पुष्कळ पाहिले आहे. ख्रिस्ती पंक्तीचा इतिहासही त्याहून निराळा नाही. संत पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेले पत्र बायबलात आहे. तेथील सधन मंडळी आधी येऊन यथेच्छ जेवत आणि कष्टकरी उशिरा उपाशी पोहोचत. हे प्रभूचे भोजनच नव्हे, असे पौलाने त्यांना खडसावले. आपल्या देशात १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना दक्षिणेकडील मंडळ्यांना आज्ञापत्र पाठवावे लागले की उपासनेत व प्रभुभोजनात जातिभेद पाळू नये. त्यावर कित्येकांनी मंडळी सोडली, पण सोवळे सोडले नाही! नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त हे सोवळे सोडताना मनाची कशी ओढाताण होते ते प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. आजही कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांचे मेज एक नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, हे त्या दिशेने पडलेले एक मोठे पाऊल.

आता सेवकाची गोष्ट. येशूंच्या पश्चात जेरुसलेमच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपावरून तक्रार उठली. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, असे गाऱ्हाणे होते. तेव्हा पंक्तीत वाढण्यासाठी सात जण निवडले गेले. आजच्या चर्चमधील 'डीकन' या पदाचे मूळ परंपरेने येथे मानले जाते. या ग्रीक शब्दाचा अर्थच सेवक, वाढपी. ज्याला आपण मुंज-लग्नात उष्ट्याखरकट्याचा धनी समजतो, त्याच्या कामाला तेथे दीक्षेचा मान मिळाला.

त्या सातांपैकी फिलिप्प नावाचा एक वाढपी गाझाकडे जाणाऱ्या वाटेवर होता. समोरून रथ येत होता. रथात हबसाणच्या राणीचा खजिनदार बसून मोठ्याने पोथी वाचत होता. पोथी होती यशया संदेष्ट्याची. देवाचा एक सेवक येईल, तो देखणा नसेल, लोक त्याला तुच्छ लेखतील, वधाला नेलेल्या कोकराप्रमाणे तो मुका राहील आणि इतरांचे अपराध स्वतःवर घेईल, असे भाकीत त्या ५३ व्या अध्यायात आहे. खजिनदाराने फिलिप्पाला विचारले की हे संदेष्टा स्वतःविषयी बोलतो की दुसऱ्या कोणाविषयी? ख्रिस्ती श्रद्धेचे उत्तर असे की ते येशूंविषयी आहे. यहुदी परंपरेत तो सेवक म्हणजे इस्राएलची प्रजा, असा अर्थ प्रामुख्याने लावतात. निवाडा आपण करण्याचे कारण नाही. एवढे खरे की भाकीत मागाहून रचून घातले असेल ही शंका येथे टिकत नाही. १९४७ साली मृत समुद्राजवळील गुहांत सापडलेली यशयाची चर्मपोथी येशूंच्या जन्माच्या शंभराहून अधिक वर्षे आधीची आहे, आणि तो अध्याय तीत आहे.

भाकितावर श्रद्धा ठेवणे म्हणजे काय, यावर आमचे टर्नर शेजारी परतीच्या वाटेवर बोलले ते लक्षात राहिले. काही मंडळी भाकितांवरून जगाच्या अंताची तारीख काढीत बसतात. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. तो उजाडला आणि मावळला. शेजारी म्हणाले, "काका, भाकीत खरे मानणारा हेरोद राजाही होताच की." खरेच आहे. शास्त्र्यांनी बेथलेहेमचे नाव सांगताच हेरोदाने तेथील बालके मारविली. आपल्या कंसाचा तरी आकाशवाणीवर काय कमी विश्वास होता? विश्वास नसता तर देवकी तुरुंगात का पडली असती? आलेल्याला ओळखून त्याच्यापुढे हात जोडण्याची तयारी दोघांजवळ नव्हती.

येथे नाशिककरांनी जाणून घ्यावी अशी एक कथा आहे. शरणपूर रस्त्याने आपण रोज ये-जा करतो. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचे प्राइस यांनी वसविलेली ख्रिस्ती वस्ती ते शरणपूर. अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडून ब्रिटिश आरमार आफ्रिकी मुलांना मुंबईस आणी. त्यांतील पुष्कळ येथे धाडली जात. सुतारकी, लोहारकी आणि लिहिणे-वाचणे ती गोदाकाठी शिकली. आफ्रिकेत त्यांना पुढे 'नाशिकची मुले' म्हणूनच ओळखत.

त्यांतील जेकब वेनराइट हा डेव्हिड लिव्हिंग्स्टन या प्रवाशाच्या अखेरच्या सफरीत होता. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियातील एका खेड्यात लिव्हिंग्स्टन वारले. सुसी व चुमा यांच्या पुढाकाराने नोकरांनी धन्याचे हृदय तेथील झाडाखाली पुरले, जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरले. मग देह वाळवून, सालीत व कापडात गुंडाळून, हजार मैलांहून अधिक वाट तुडवून त्यांनी तो फेब्रुवारी १८७४ मध्ये समुद्रकिनारी पोहोचविला. तेथे बहुतेकांना पगार देऊन वाटेला लावण्यात आले! १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत आफ्रिकी असा एकटा जेकब होता. सुसी आणि चुमा यांना इंग्लंडला बोलावणे आले ते दफनानंतर. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने या सेवकांसाठी पदके पाडली खरी. ती पोहोचली तोवर पुष्कळजण पांगले होते.

दुसरे दोघे, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर. हेही शरणपूरचे. १८६४ मध्ये ते मोंबासाजवळच्या रबाईला गेले. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी त्या दोघांना डीकनपदाची दीक्षा दिली. गलबताच्या तळाशी कोंबून विकायला नेलेली पोरे. त्यांच्या हाती प्रभुभोजनाच्या मेजावरची सेवा आली, तीही फिलिप्पाचेच पद घेऊन. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर हॅनिंग्टन मारले गेले आणि उरलेला तांडा परत आणला तो जोन्स यांनी.

त्या गुरुवारी भाकर घेण्यासाठी रांग लागली. मी मागच्या बाकावर बसून राहिलो. बाप्तिस्मा न झालेल्याने ती घ्यावयाची नसते, हे शेजाऱ्यांनी आधीच सांगितले होते. देवळात जाऊन प्रसादावाचून परतण्याचा प्रसंग मला जन्मात कधी आला नव्हता. तो बाहेर बसणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या येत राहिला, हे तेथे बसल्या बसल्या मनात येऊन गेले. रांगेत झाडणाऱ्या बाई रखवालदाराच्या पुढे होत्या आणि त्यांच्यापुढे एक मोटारीतून आलेले वृद्ध गृहस्थ. तिघांनी एकाच हातून घेतले.

उपासना संपली. रखवालदाराला रात्रपाळी होती. तो आमच्याच रिक्षातून अंबडपर्यंत आला. ओले झालेले मोजे त्याने खिशात कोंबले होते. फाटकाशी उतरून त्याने बूट चढविले, शिट्टी गळ्यात अडकविली आणि आमच्या रिक्षावाल्याला गाडी पुढे घे म्हणून हात केला.