माइक हातात, धडधड छातीत!

शनिवार संध्याकाळ. सगळी गँग सिनेमाला आणि मी मात्र पुण्यातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये, प्रोजेक्टरची वायर धरून उभी! समोर पंचवीसेक माणसं, त्यातली निम्मी सॉफ्टवेअरवाली. आणि कॉम्प्युटरवर बोलणार कोण? मास कॉमवाली मी!

सगळा दोष मैत्रिणीचा. ती इथल्या युजर ग्रुपची मेंबर. महिन्यातून एकदा जमायचं, एकाने बोलायचं, बाकीच्यांनी शंका विचारायच्या. फी नाही, मानधन नाही, फार तर चहा. या वेळी वक्ताच मिळेना. "तू रोज मराठी टाइप करतेस ना? तेवढंच सांग," बाईसाहेब म्हणाल्या.

सांगितलं. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की लेखाची खिचडी! युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर. 'क'चा ०९१५, जगभर तोच. माना डोलल्या. वाटलं, सुटलो.

तेवढ्यात मागून एक काका उठले. "माझे वडील आचारी होते. त्यांची पाककृतींची वही टाइप करतोय. पण 'आचाऱ्यांना' लिहिलं की 'आचार्यांना' होतं. स्वयंपाक्यांचे एकदम गुरुजी! काय करू?"

हशा पिकला आणि माझी बोलती बंद. मी फोनेटिकवाली, काका इन्स्क्रिप्टवर. ठोकून द्यावं काहीतरी? पण वही वडिलांची होती. म्हटलं, "काका, मला नाही माहीत."

पहिल्या बाकावरचा एक मुलगा लगेच वळला. "शिफ्ट आणि जे, म्हणजे नुक्त्याचा ऱ. मग डी दाबून त्याचा पाय मोडा. मग य." काकांनी तिथेच करून पाहिलं. जमलं! लॅपटॉप उंच धरून त्यांनी तो शब्द सगळ्यांना दाखवला. माझ्या अख्ख्या भाषणाला नाही, एवढ्या टाळ्या त्या एका शब्दाला.

मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक भरली. तिथे आलेला स्टीव्ह वॉझनियॅक इतका लाजाळू, की सभेत बोलायचाच नाही. पण आपल्या सर्किटच्या आकृत्या फुकट वाटायचा. तेच डिझाइन पुढे 'अ‍ॅपल वन' झालं. म्हणजे युजर ग्रुपला पंडित लागत नाहीत, जवळ आहे ते देणारी माणसं लागतात.

तुम्हीही ट्राय करा. एक्सेलची एखादी युक्ती, फोटोंचा बॅकअप, काहीही चालेल. पहिल्यांदा दहाच मिनिटं मागा. डेमो घरी दोनदा करून बघा. आणि येत नसेल तर बिनधास्त सांगा; उत्तर खोलीतच कुठेतरी बसलेलं असतं.

पुढच्या महिन्यात काका बोलणार आहेत, वहीवर. सिनेमा काय, रविवारीही बघता येतो!