वादळाचा निरोप: कोणाला एक ओळ, कोणाला अख्खे पान



बंदीचे ६१ दिवस संपत आले. १ ऑगस्टला बोटी सुटतील, आणि नेमक्या त्याच दिवसांत दर्या खवळलेला असतो. म्हणून हवामानाच्या निरोपाबद्दल लिहितो. आधी आमचीच चूक सांगतो.

गेल्या मोसमात हवामान खात्याचे चार पानी इंग्रजी पत्रक आले. आम्ही त्याचे फोटो जसेच्या तसे ग्रुपवर टाकले आणि काम झाले समजून घरी गेलो. पहिल्या पानावर सगळा बंगालचा उपसागर, आपला किनारा तिसऱ्या पानावर. दोन होडीवाल्यांनी पहिले पान बघितले, "हे आपले नव्हे" म्हणाले आणि पहाटे जाळी घेऊन गेले. देवाची कृपा, माणसे परत आली. जाळी आली नाहीत.

पुढच्या वेळी आम्ही दुसरे टोक गाठले. एकच ओळ टाकली, "उद्या कोणी समुद्रात जाऊ नये." जेटीवरच्यांना ती पुरली. पण काही ट्रॉलर आधीच बाहेर होते. एका तांडेलाला रेंजमध्ये आल्यावर ती ओळ मिळाली. त्याचा फोन आला, "जाऊ नये ते कळले हो, पण मी गेलोय! वारा कुठून येणार, किती वाजता? मुरगावात शिरू की कारवार गाठू?" उत्तर त्याच पत्रकात होते. आम्ही ते पाठवलेच नव्हते.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. निरोप एकच असला तरी घेणारे निराळे. होडीवाल्याला जायचे की नाही एवढे हवे. तांडेलाला वाऱ्याची दिशा, वेळ आणि वेग हवा, तोही त्याच्या मापात. पत्रकात वारा ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत, असे लिहितात. तांडेल नॉटमध्ये मोजतो. ५५ म्हणजे साधारण ३० नॉट, ६५ म्हणजे ३५. झोताचा आकडा विसरू नका, होडी उलटते ती झोताने.

हैदराबादच्या इन्कॉइसकडून मासे कुठे मिळतील त्याची माहिती येते, तिचेही तेच. अंतर किलोमीटरमध्ये, खोली मीटरमध्ये. आपल्या जुन्या माणसांना वाव कळते. ३६ मीटर म्हणजे २० वाव असे सांगितले की त्यांना तळ डोळ्यांसमोर दिसतो. ४० किलोमीटर म्हणजे साडेएकवीस सागरी मैल. हा हिशेब ऑफिसने करायचा, हेलकावणाऱ्या बोटीत तांडेलाने नव्हे.

रंगांचाही घोळ होतो. टीव्हीवर गोव्याला 'यलो अलर्ट' दिसला की काहीजण म्हणतात, पिवळाच आहे, चला. तो बहुतेक वेळा जमिनीवरच्या पावसाचा असतो. मच्छीमारांसाठीचा इशारा वेगळा निघतो. पाऊस नसतानाही तो असू शकतो. बंदरावरचा तीन नंबरचा बावटा मात्र वडिलांपासून सगळ्यांना ठाऊक आहे: बंदरालाच वादळी वाऱ्याचा धोका. ना अक्षर, ना भाषा, तरी कळतो. आमच्या मते इतका चांगला निरोप अजून कोणी लिहिलेला नाही.

पण बावटा किनाऱ्यावरच्याला दिसतो. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी आले तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी बोटी खोल समुद्रात होत्या आणि त्यांच्यापर्यंत निरोप पोचलाच नाही. काही बोटी भरकटत आपल्या शेजारी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. त्यानंतर २०१९ मध्ये उपग्रहावरून निरोप घेणारे जेमिनी यंत्र आले. त्यावर निरोप येतो, उलट पाठवता येत नाही. म्हणजे तांडेल आपल्याला परत विचारू शकत नाही. जे सांगायचे ते पहिल्याच वेळी पुरे सांगायला हवे.

यंदापासून असे करू. वर मोठ्या अक्षरात एक ओळ: जायचे की नाही, कधीपासून कधीपर्यंत. खाली 'जे बाहेर आहेत त्यांच्यासाठी' म्हणून दिशा, तास, नॉट आणि जवळचे बंदर. हेच व्हीएचएफवरूनही सांगू. पूर्ण पत्रक शेवटी, ज्याला वाचायचे त्याने वाचावे. मालक लोक वाचतातच, विम्याला लागते.

राहिले खलाशी. बरेचसे ओडिशा, झारखंड, कर्नाटकचे. मराठी त्यांना वाचता येत नाही आणि तांडेल सांगेलच असे नाही. त्यांच्यासाठी हिंदीत बोललेला निरोप पाठवू, एका मिनिटाच्या आत.

घरच्या बायकांनी मागच्या सभेत विचारले होते, "आम्हाला कोण सांगणार?" बरोबर आहे. त्यांना नॉट नको, बोट कुठे आहे ते हवे. इशारा असेल त्या रात्री ऑफिसचा फोन चालू राहील आणि कोणती बोट कुठल्या बंदरात शिरली ते फळ्यावर लिहिले जाईल. बोटीशी संपर्क तुटला तर थांबू नका, तटरक्षक दलाचा १५५४ लावा.

बोटमालकांनी आपल्या खलाशांचे फोन नंबर आणि कोणाला कुठली भाषा कळते, ते २५ जुलैपर्यंत ऑफिसात आणून द्यावे. जेटीवरच्या फळ्याला रंग द्यायचा आहे, दोन माणसे हवी आहेत.