टॅपेटची टिकटिक आणि तेलाची निवड

न्हावा शेवा बंदरातून निघालेले कंटेनर कळंबोली, शिळफाटा आणि मुंब्रा बाह्यवळण या मार्गाने भिवंडीच्या गोदामांकडे व नाशिक महामार्गाकडे जातात, गुजरातची मालवाहतूक घोडबंदर रस्त्याने ठाण्यात येते आणि डोंबिवली औद्योगिक वसाहतीचा माल कल्याण-शीळ रस्त्यावरून ये-जा करतो. त्यामुळे ठाणे आणि कल्याण-डोंबिवली हा पट्टा जितका लोकल गाड्यांचा, तितकाच ट्रकचाही आहे. या ट्रकची देखभाल करणाऱ्या गॅरेजांत नेहमी येणारी तक्रार म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून ऐकू येणारी लयबद्ध टिकटिक, जिला चालक आणि मिस्त्री ‘टॅपेट वाजतो’ असे म्हणतात. अधिक जाड तेल भरणे किंवा आवाज घालवण्याची हमी देणाऱ्या अ‍ॅडिटिव्हची, म्हणजे तेलात मिसळायच्या पूरक रसायनाची, बाटली ओतणे हा तिच्यावरचा सर्वांत सोपा इलाज समजला जातो. हा इलाज मोजक्या प्रसंगी योग्य ठरतो, पण एरवी तो दोष तसाच ठेवून त्याची खूण तेवढी पुसतो; म्हणून आवाजाचे मूळ शोधणे हे तेलाच्या निवडीआधीचे काम आहे.

आवाजाचे मूळ

डिझेल इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह कॅमशाफ्टवरील उंचवट्यांमुळे उघडतात: उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, आणि पुशरॉड रॉकर नावाच्या तरफेला, जिचे दुसरे टोक व्हॉल्व्ह खाली दाबते. तापल्यावर हे धातूचे भाग प्रसरण पावतात, म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. झिजेमुळे ती वाढली की व्हॉल्व्ह उघडताना दर वेळी रॉकर त्यावर आपटतो. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरत असल्याने, मिनिटाला 800 फेऱ्यांवर उभ्या जागी चालणाऱ्या इंजिनात सैल झालेला एक व्हॉल्व्ह मिनिटाला 400 वेळा वाजतो. या लयीवरून तो क्रँकच्या प्रत्येक फेरीला पडणाऱ्या ठोक्यापासून वेगळा ओळखता येतो.

मोटारींच्या अनेक इंजिनांत ही फट तेलाच्या दाबाने आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट असतात, परंतु ट्रकच्या बहुतेक डिझेल इंजिनांत टॅपेट भरीव असून फट पान्याने आणि स्क्रूने जुळवावी लागते. भारतीय रस्त्यांवर परिचित असलेल्या कमिन्सच्या सहा सिलिंडरच्या 6बीटी इंजिनात ती इंजिन थंड असताना इनटेक व्हॉल्व्हसाठी 0.25 मिलिमीटर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी 0.51 मिलिमीटर ठेवतात आणि फिलर गेज या पातळ पोलादी पात्यांच्या साधनाने मोजतात. जाड तेलाचा थर या फटीतला आघात किंचित मऊ करू शकतो, पण फट कमी करू शकत नाही. उलट केवळ आवाज नको म्हणून फट ठरलेल्या मापापेक्षा कमी केली, तर व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि अखेर तो जळतो. म्हणजे इंजिनाची शांतता ही प्रत्येक वेळी त्याच्या निरोगीपणाची साक्ष नसते.

टॅपेटसारखाच आवाज इतर ठिकाणांहूनही येतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फुटली असेल, तर इंजिन थंड असताना टिकटिक मोठी असते, लोखंड तापून सांधा घट्ट बसला की ती कमी होते आणि सांध्यापाशी काजळीची रेघ दिसते. नोझल, म्हणजे डिझेलचा फवारा सोडणारा इंजेक्टर, बिघडल्यासही कडक टकटक ऐकू येते. जुन्या इंजिनांत मिस्त्री एकेका नोझलची नळी सैल करून आवाज बदलतो का हे पाहतात. कॉमन रेल प्रकारच्या नव्या इंजिनात मात्र डिझेलचा दाब 1,600 बारच्याही पुढे जाऊ शकतो आणि त्या दाबाची धार त्वचा भेदून शरीरात शिरते, म्हणून तेथे ही पद्धत कदापि वापरू नये. खालच्या भागातून येणारा, भार पडताच वाढणारा खोल ठोका आणि त्याबरोबर उतरलेला ऑइलचा दाब ही बेअरिंग झिजल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी इंजिन तत्काळ बंद करावे, कारण तेथे कोणतेही तेल उपयोगी पडत नाही.

तेल दोषी असते तेव्हा

काही टिकटिक खरोखर तेलामुळेच होते. डिपस्टिकवरील पातळी खालच्या खुणेच्या खाली गेली तर पंप हवा ओढतो. तेल वरच्या खुणेपेक्षा जास्त भरले तर फिरता क्रँक ते घुसळून फेस करतो. दोन्ही प्रसंगी रॉकरपर्यंत अखंड तेल पोहोचत नाही. सकाळी सुरू करताच काही क्षण येऊन थांबणारा आवाज पुष्कळदा निकृष्ट ऑइल फिल्टरमुळे येतो, कारण इंजिन बंद असताना त्यातील तेल परत खाली उतरून जाते. काजळीने दाटलेले जुने तेल रॉकरकडे जाणाऱ्या अरुंद वाटा अडवते.

तेल निवडताना डब्यावरील दोन खुणा वाचाव्या लागतात. पहिली एसएई श्रेणी, जी तेलाचा जाडपणा सांगते: 15डब्ल्यू-40 यातील पहिला भाग थंडीतील प्रवाहीपणाचा, तर 40 हा आकडा 100 अंश सेल्सिअसला तेल किती जाड राहते याचा निदर्शक असतो. ठाण्यात हिवाळ्यातही पारा शून्याच्या जवळपास जात नसल्याने येथील बहुतेक डिझेल ट्रकना 15डब्ल्यू-40 पुरते. जुन्या, झिजलेल्या इंजिनात 20डब्ल्यू-50 घातल्यास आवाज थोडा दबतो हे खरे, परंतु जाड तेल सुरुवातीला टर्बोचार्जरपर्यंत आणि रॉकरपर्यंत उशिरा पोहोचते, म्हणून इंजिनाच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच ते भरावे.

दुसरी खूण एपीआय या अमेरिकी संस्थेच्या दर्जाची. डिझेल तेलांचे दर्जे सी या अक्षराने सुरू होतात; सीआय-4 हा 2002 मध्ये, सीजे-4 हा 2006 मध्ये आणि सीके-4 हा 2016 च्या अखेरीस आला. 1 एप्रिल 2020 पासून देशभर लागू झालेल्या बीएस-6 नियमांमुळे नव्या ट्रकमध्ये काजळी गाळणारा फिल्टर आला, आणि जुन्या दर्जाच्या तेलातून उरणारी राख तो तुंबवते. म्हणून सीजे-4 आणि सीके-4 तेलांत राखेचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत मर्यादित केले आहे. स्वस्त पडते म्हणून बीएस-6 ट्रकमध्ये सीआय-4 भरणाऱ्या मालकाला पुढे फिल्टरचा मोठा खर्च सोसावा लागतो.

अ‍ॅडिटिव्हची बाटली

चांगल्या तेलात अ‍ॅडिटिव्ह आधीच असतात: काजळी विखरून ठेवणारी द्रव्ये, आम्ल मारणारे कॅल्शियमचे क्षार, आणि कॅम व टॅपेट यांवर संरक्षक थर चढवणारे झेडडीडीपी हे जस्त आणि फॉस्फरसचे संयुग. यांचे प्रमाण परीक्षणांती ठरवलेले असते, आणि बाहेरून ओतलेली बाटली तो तोल बिघडवू शकते. बीएस-6 इंजिनात जादा जस्त म्हणजे जादा राख. बाजारातील दाट बाटल्या मुख्यतः तेल जाड करतात, म्हणजे वर सांगितलेलेच काम अधिक पैशांत करतात. इंजिन साफ करणारी फ्लश द्रव्ये चिकटलेले टॅपेट मोकळे करण्यास हायड्रॉलिक प्रकारात कधी उपयोगी ठरतात, पण वर्षानुवर्षे साचलेला गाळ एकदम सुटला तर तो पंपाच्या जाळीत अडकतो; रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन धुण्यातही हाच धोका आहे. टेफ्लॉनयुक्त ‘स्लिक 50’ या गाजलेल्या उत्पादनाच्या दाव्यांना पुरेसा आधार नसल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1996 मध्ये केला होता, ही गोष्ट प्रत्येक खरेदीदाराने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या पट्ट्यातील ट्रकसाठी खरी काळजी वेगळीच आहे. शिळफाटा, मुंब्रा बाह्यवळण किंवा माजिवडा येथील कोंडीत इंजिन चालू राहते पण किलोमीटर वाढत नाहीत, तेलात काजळी आणि न जळलेले डिझेल मिसळत जाते, बांधकामांची धूळ एअर फिल्टर लवकर भरून टाकते; म्हणून तेल बदलण्याची वेळ केवळ किलोमीटरवर न ठरवता इंजिन किती तास चालले यावरही ठरवली पाहिजे. तेल विश्वासू विक्रेत्याकडून सीलबंद घ्यावे, आणि रिकामा डबा बनावट तेल भरणाऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून तो फोडूनच टाकावा. काढलेले तेल हा 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा आहे; ते गटारात ओतले तर उल्हास नदीत आणि ठाण्याच्या खाडीत जाते, म्हणून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यावे.

आवाज आला की आधी डिपस्टिक आणि दाब पाहावा, मग मॅनिफोल्ड आणि नोझल तपासावेत, त्यानंतर टॅपेट कव्हर उघडून फट मोजावी, आणि पुस्तिकेत सांगितलेले तेल व चांगला फिल्टर घालावा. या क्रमाने गेल्यास बाटलीपर्यंत जाण्याची वेळ क्वचितच येते, आणि ज्या इंजिनावर चालकाचे व मालकाचे घर चालते, त्याचे आयुष्य निश्चित वाढते.