डॉक्टर तोच, चेहरा नवा

सप्टेंबर २०२२मध्ये 'तारक मेहता का उल्टा चश्मा'मधला खुद्द तारक मेहताच बदलला. २००८पासून ही भूमिका शैलेश लोढा करत होते, त्यांच्या जागी सचिन श्रॉफ आले. मालिकेच्या नावातलाच माणूस वेगळा दिसू लागला, तरी शेजारच्या जेठालालसाठी तो मेहतासाहेबच राहिला.

हे जमतं कसं? नव्या नटाच्या अभिनयापेक्षा त्याच्या भोवतालच्यांमुळे जास्त, असं मला वाटतं. घर तेच, बायको त्याच नावाने हाक मारणारी, शेजारी त्याच तक्रारी घेऊन येणारे. सगळ्या सोसायटीने ओळख दिली की प्रेक्षकही थोड्या दिवसांत देतो. जेठालालच्या मुलाची, टप्पूची, भूमिका अशीच भव्य गांधीकडून राज अनादकटकडे आणि पुढे नितीश भलुनीकडे गेली. रंगभूमीवर तर एवढीही गरज पडत नाही. 'नटसम्राट'मधले अप्पासाहेब १९७०मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले, पुढे दत्ता भटांनी आणि सतीश दुभाषींनीही. आज कोण आहे हे जाहिरातीत वाचूनच प्रेक्षक तिकीट काढायचा.

चेहरा का बदलला, याचं उत्तर कथेतच देण्याचं धाडस मात्र एका विज्ञानकथा मालिकेने केलं. बीबीसीची 'डॉक्टर हू' २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिची पहिली कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन लखनऊत जन्मलेले आणि लहानपणी काही काळ मुंबईत राहिलेले. नायक म्हणजे काळात मागेपुढे प्रवास करणारा, 'डॉक्टर' एवढंच नाव सांगणारा परग्रहवासी. ही भूमिका करणाऱ्या विल्यम हार्टनेल यांची प्रकृती १९६६पर्यंत ढासळली. मालिका तर चालू ठेवायची होती. मग ठरलं, की हा माणूस नाहीच, तेव्हा त्याचं शरीर झिजल्यावर नवं होऊ शकतं. २९ ऑक्टोबर १९६६च्या भागात हार्टनेल जमिनीवर कोसळतात, चेहरा उजळून धूसर होतो आणि तिथे पॅट्रिक ट्रॉटन दिसतात.

खरी कसोटी पुढच्या कथेत होती. जुनी अंगठी नव्या डॉक्टरच्या बोटात बसत नाही. सोबतच्या पॉलीला तो डॉक्टरच वाटतो, बेनला पटत नाही. म्हणजे घराघरांत जो वाद होणार, तो लेखकांनी आधीच पडद्यावर मांडून ठेवला. आणि निवाडा कोण करतं? त्याचा जुना शत्रू, डालेक. तो त्याला ओळखतो. मित्र प्रेमापोटी फसेल, वैरी फसणार नाही. ही युक्ती मला आजही अचाट वाटते.

ट्रॉटननी हार्टनेलची नक्कल केली नाही. हार्टनेलचा डॉक्टर करारी, तापट म्हातारा होता, ट्रॉटनचा ढगळ कपड्यांतला खोडकर भटक्या. तिथून पायंडाच पडला: आठवणी आणि न्यायाची चाड तीच, स्वभाव आणि पेहराव नवा. १९७६मध्ये अशा कायापालटांना बाराची मर्यादा घातली गेली. २०१३मध्ये ती गाठली गेल्यावर कथेतच डॉक्टरला नवा साठा मिळाला. २०१७मध्ये जोडी व्हिटेकर ही पहिली स्त्री डॉक्टर झाली.

'तारक मेहता'मधल्या गोकुळधाम सोसायटीकडे असा कायापालट नाही, म्हणून तिथे प्रत्येक वेळी वेगळी वाट काढावी लागते. दिशा वकानी २०१७मध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तेव्हा जेठालालच्या बायकोच्या, दयाच्या, जागी कुणाला न आणता तिला अहमदाबादेत माहेरी ठेवलं. सोसायटीतले डॉ. हाथी आधी निर्मल सोनी होते, २००९पासून कवी कुमार आझाद. २०१८मध्ये आझाद यांचं निधन झालं आणि सोनी परत आले. शेजाऱ्यांनी त्यांना काही विचारलं नाही. 'डॉक्टर हू'च्या २०२३च्या विशेष भागांत डेव्हिड टेनंटही असेच डॉक्टरच्या आपल्या पूर्वीच्या भूमिकेत परतले, पण तिथे हा जुना चेहरा परत का आला, हा प्रश्न खुद्द डॉक्टरलाच पडला होता.