घरचा लेथ आणि दोन शतांशांचा हिशेब

लेथ म्हटला की कारखाना आणि कारखाना म्हटला की अंबरनाथ, हे समीकरण आम्हा कुळगावकरांच्या मनात पक्के बसलेले आहे. ते अकारणही नाही. अंबरनाथचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना १९५३ साली उभा राहिला. पुढे औद्योगिक वसाहती वाढल्या, आणि डबा घेऊन पाळीला जाणारी माणसे आमच्या आळीआळीत राहू लागली. परंतु इंजिनाचे लहान भाग घडविण्याचे काम मागल्या पडवीत, अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरीवर फिरणाऱ्या लहान लेथवरही होऊ शकते. आम्ही तेथे दाबलेल्या हवेवर चालणारे एका सिलिंडरचे इंजिन केले. ते जेवणाच्या डब्यात मावते. ते करताना काय शिकलो, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

अशा इंजिनात मुख्य भाग तीन: सिलिंडर, त्यात मागेपुढे सरकणारा दट्ट्या आणि त्या सरकण्याचे फिरण्यात रूपांतर करणारा क्रँक. काम सिलिंडरापासून सुरू करावे. ओतीव लोखंडाचा तुकडा चकात धरून त्याला भोक पाडावयाचे, ते बोअरिंगच्या हत्याराने मोठे करावयाचे, आणि तुकडा न सोडता, त्याच पकडीत त्याचे तोंड सपाट करावयाचे. पकड एकदा सुटली की भोक व तोंड यांचा काटकोन पुन्हा साधणे कठीण. दट्ट्या मागाहून करावा. कारण भोकाच्या मापाला दट्ट्या जुळविणे सोपे, दट्ट्याच्या मापाला भोक जुळविणे अवघड. लेथजवळ सैल बाही नको आणि चकाची किल्ली चकात विसरणे तर मुळीच नको.

आमच्या सिलिंडराचे भोक २० मिलिमीटर झाले. ॲल्युमिनिअमचा दट्ट्या १९.९८ ठेवावयाचा, म्हणजे मध्ये दोन शतांश मिलिमीटर फट. सुतारकामातला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग घेतला आणि त्याचे सुमारे दीडशे भाग केले, तर त्यांतला एक भाग एवढा असतो! रात्री दट्ट्या उतरविला, मायक्रोमीटर लावला, माप बरोबर आले, आणि आम्ही समाधानाने झोपलो. सकाळी इंजिन जोडले. मुलगी सायकलच्या पंपाने हवा भरून भरून दमली, पण चाक काही फिरेना.

शेजारचे काका अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर. त्यांनी दट्ट्या हातात घेतला.

"मापलात केव्हा?"

"लेथवरून काढल्याबरोबर."

"चटका लागत होता?"

"लागत होता."

"मग आता निवलेला मापून बघा."

माप आले १९.९६. हिशेब सोपा आहे. ॲल्युमिनिअम एक अंश तापले की आपल्या लांबीच्या दहा लाखांतील सुमारे २३ भागांनी वाढते. दट्ट्या खोलीपेक्षा ४० अंशांनी गरम असेल, तर २० मिलिमीटरमागे जवळजवळ दोन शतांशांची वाढ होते. निवल्यावर ती गेली आणि फट दुप्पट झाली. आता अरुंद फटीतून निसटणारी हवा फटीच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे फट दुप्पट झाली की गळती आठपट. मुलीचे श्रम त्या फटीतून निघून जात होते.

हे दुखणे थोरांनाही चुकलेले नाही. जेम्स वॅटने आपल्या वाफेच्या इंजिनाचे एकस्व १७६९ साली घेतले. पण त्याला खरा गोल सिलिंडर मिळेना, वाफ दट्ट्याच्या कडेने पळे. तोफांच्या नळ्या कोरणाऱ्या जॉन विल्किन्सनने १७७४ नंतर आपल्या नव्या यंत्रावर सिलिंडर कोरून दिले, तेव्हा कोठे १७७६ साली वॅटची इंजिने कामाला लागली. कल्पना तयार होती. अडले होते ते मापावाचून.

मोजमापासाठी जगभर २० अंश सेल्सियस हे प्रमाण तापमान मानतात. आमच्या वैशाखात ते पडवीत कोठून आणावे? काकांची युक्ती अशी: सिलिंडर, दट्ट्या आणि मायक्रोमीटर एकाच फळीवर रात्रभर ठेवावे, म्हणजे तिघांचे तापमान एक होते. शेवटचा हलका कापही माल निवल्यावरच घ्यावा. दुसरा दट्ट्या आम्ही असाच केला. त्याला तेलाचा थेंब लावून सिलिंडरात सोडला आणि खालचे तोंड बोटाने बंद केले, तेव्हा तो वरच तरंगत राहिला; बोट काढताच सावकाश उतरला. त्या संध्याकाळी पाच-सहा पंपांत चाक फिरू लागले.

अशा पुष्कळ गोष्टी कोणत्याही वहीत उतरलेल्या नाहीत. त्या आपल्या आळीतील निवृत्त माणसांच्या बोटांत आहेत, आणि ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून आमची विनंती एवढीच, की ज्यांच्या शेजारी असे एखादे काका असतील, त्यांनी आपल्या मुलाला किंवा मुलीला एखादा रविवार त्यांच्याकडे पाठवावे आणि मायक्रोमीटर कसा धरावा एवढे तरी शिकून घ्यावयास सांगावे.